नऊ दगड

चौथा दगड फिरवताना ॲट्रॅक्टाचं नख मोडलं. तेही तिने धाकट्या बहिणीच्याच नावावर टाकलं.

छप्पर उडालेल्या चर्चमध्ये एका दगडी चौथऱ्यावर नऊ गोल दगड आपापल्या खळग्यांत बसले होते. बटाट्यापेक्षा मोठे, कोबीपेक्षा लहान. शेजारच्या बुरुजाची किल्ली रस्त्यापलीकडच्या मिसेस टॅन्सीच्या स्वयंपाकघरात टांगलेली असते. ती आणायला ॲट्रॅक्टा गेली, तोवर धाकटी कॉन्सेप्टा, म्हणजे कॉनी, इथे थांबली होती. किल्ली हातात पडताच कॉन्सेप्टा गुळगुळीत तळाचे बूट घालून वर चढायला निघून गेली. ‘जपून’ म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाही.

ॲट्रॅक्टाचे गुडघे बुरुजाच्या कामाचे नव्हते. पोस्टाच्या खिडकीमागे चौतीस वर्षं काढलेल्या बाईला नुसतं बसवत नाही. ती एकेक दगड फिरवत गेली आणि प्रत्येकाला कॉनीची एकेक चूक मोजत गेली. सकाळपासून दोनदा रस्ता चुकली. नकाशा दाखवला तर म्हणाली, ‘तू गप्प बस.’ आईचं घड्याळ न विचारता घेऊन गेली, आणि ते आता चालतही नाही. दगड संपले तरी चुका शिल्लक होत्या.

“पडेल एकदा तोंडावर, मग कळेल,” असं म्हणून तिने नववा फिरवला.

“अहो बाई, त्या दगडांना हात नाही ना लावला?”

मिसेस टॅन्सी कुत्र्याला घेऊन दारात उभी होती.

“सहज फिरवले. का?”

“कुठून कुठे?”

ॲट्रॅक्टाने हवेत बोट फिरवून दाखवलं. मिसेस टॅन्सीने घाईघाईने छातीवर क्रूस काढला.

“उलटे फिरवलेत! उजवीकडून फिरवले तर ती प्रार्थना. डावीकडून फिरवले तर शाप. फिरवताना जो मनात असेल त्याला लागतो. आमच्या सासऱ्यांनी एका गुरांच्या दलालासाठी फिरवले होते.”

“दलाल मेला?”

“छे, अजून आहे. शाप नाहक असला तर फिरवणाऱ्यावर उलटतो. सासरे महिन्याभरात गेले.”

“किती वर्षांचे होते?”

“ब्याण्णव.”

एरवी ॲट्रॅक्टाने या ब्याण्णवची चांगली खिल्ली उडवली असती. आज ती चौथऱ्यापासून एक पाऊल मागे सरली.

“वाया मात्र जात नाही हो,” मिसेस टॅन्सी म्हणाली. “एकाला नाही तर दुसऱ्याला. तुमच्या मनात कोण होतं?”

ॲट्रॅक्टाने बुरुजाकडे पाहिलं. तेवढ्यात आतून काहीतरी खरडत, आपटत खाली आल्याचा आवाज झाला. वरच्या भोकांतून सगळे कावळे एकदम उडाले. मग काहीच नाही.

“कॉनी!”

उत्तर आलं नाही.

मिसेस टॅन्सी कुत्र्यासकट बुरुजाकडे धावली. ॲट्रॅक्टा गुडघ्यांवर बसली. ज्या गुडघ्यांनी प्रार्थनेलाही बसायचं सोडलं होतं, ते ओल्या दगडावर टेकून ती एकेक दगड उजवीकडून फिरवू लागली. एक. दोन. तीन. नख मोडलं तो पुरा फिरला होता की अर्धाच? अर्धा असेल तर आता पुरा फिरवून कसं चालेल? घाईत सहावा दगड खळग्यातून उसळून बाहेर आला. तो तिने दोन्ही हातांनी तान्ह्या मुलासारखा उचलून परत बसवला. पहिल्या तीन-चार खळग्यांतल्या शेवाळाचा तर पार भुगा झाला होता. इतका जोर मी कधी लावला, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण विचार करायला सवड नव्हती. सात. आठ. देवा, ती मूर्ख आहे, पण मला तेवढी एकच आहे. नऊ.

“ही पाहा, सापडली तुमची बहीण!”

मिसेस टॅन्सीने कॉन्सेप्टाला दंडाला धरून आणलं होतं. कोट धुळीने पांढरा, तळहात सोललेला, आणि चेहरा कोटाहून पांढरा.

“एक पायरी निसटली,” कॉन्सेप्टा म्हणाली. “कठड्याची दोरी हाताला लागली म्हणून वाचले.”

“मग हाक मारली तर ओ द्यायला काय झालं?”

“आवाजच फुटेना.”

ॲट्रॅक्टाने तिला मिठी मारली. दोघींनाही याची सवय नव्हती. नाकावर नाक आपटलं. बहिणीच्या खांद्यावरून कॉन्सेप्टा त्या नऊ दगडांकडे बघत राहिली.

“या बाईंनी मला येताना सांगितलं,” ती हळूच म्हणाली. “दगडांचं.”

“असल्या जुन्या गोष्टी कोण मानतं?”

“हो ना.” कॉन्सेप्टाने तिचा चेहरा न्याहाळला. “तुला काही होत नाही ना, ॲटी? छातीत वगैरे?”

“मला काय होणार? पडलीस तू.”

“नाही, सहज विचारलं.”

किल्ली मिसेस टॅन्सीच्या हातात देऊन दोघी गाडीत बसल्या. कॉन्सेप्टाने ॲट्रॅक्टाचा पट्टा स्वतः ओढून लावला, मग एकदा हिसका देऊन पाहिला. मग तिने स्टिअरिंगवर हात ठेवले. त्या हातांच्या नखांत दगडांच्या खळग्यांतलं तेच हिरवं शेवाळ होतं.

ॲट्रॅक्टाने ते पाहिलं. मग आपल्या मुठी मिटून कोटाच्या खिशांत घातल्या.

गाडी अगदी सावकाश फाट्यापर्यंत गेली. पाटीवर डावीकडे बाण होता: ॲथलोन, अडतीस किलोमीटर. घर तिकडेच. उजवीकडचा रस्ता तळ्याला वळसा घालून जायचा, दुप्पट लांबीचा. कॉन्सेप्टाने बराच वेळ पाटीकडे पाहिलं आणि उजवीकडचा दिवा लावला.

ॲट्रॅक्टाच्या मांडीवर नकाशा उघडा होता. तो तिने मिटला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “इकडूनच जाऊ.”