उंची, वजन, प्रवासी

रस्ता दाखवणारी दोन यंत्रं आम्ही नापसंत केली. आमची राहायची गाडी आणि साधी मोटार यांतला फरकच त्यांना कळेना. एखाद्या ठेंगण्या पुलाखाली नेऊन अडकवलं असतं. तिसरं मात्र लाखात एक. दुकानदारानं ते आमच्याच गाडीत, समोरच्या काचेला चिकटवून दाखवलं.

"उंची तीन मीटर," आमचे हे म्हणाले.

"तीन मीटर वीस सेंटिमीटर," यंत्र अदबीनं म्हणालं. हे टेप घेऊन शिडीवर चढले. टपावरचा एसी मोजायचा राहूनच गेला होता!

वजनातही त्यानं दोनशे दहा किलो वाढवले. दीडशे लिटरची पाण्याची टाकी भरलेली आहे, हे आम्ही विसरलोच होतो. वरचे साठ किलो कसले, ते मात्र आठवेना.

"यंत्र कसलं, हिरा आहे!" मी म्हटलं. दुकानदार खूश होऊन खोकं आणायला गेला.

"प्रवासी दोन," ह्यांनी सांगितलं.

"तीन."

"चुकलं एकदाचं!" मी हसले. हे हसले नाहीत.

"मागच्या प्रवाशानं कृपया पट्टा लावावा," यंत्र तितक्याच अदबीनं म्हणालं.

मागून खट् असा आवाज आला.