सात नंबरचा तांब्या

निम्मं कुंडल गाव एकाच आडनावाचं, त्यामुळं लग्नघरी दिलेलं भांडं ज्याच्या त्याच्या घरी परत यायची मारामार. "पलटणीत असला घोळ चालत न्हाई," म्हणत रिटायर झालेल्या मानसिंग हवालदारानं आपल्या भांड्यांवर आडनावाऐवजी नंबर घालून घेतले. त्यात कपाळावर एकाहत्तरच्या लढाईतला व्रण, त्यामुळं त्याच्या शब्दाला गावात लय वजन!

पुढच्याच लग्नात पंगती उठल्या आणि आपापली भांडी न्यायला सगळे मांडवात जमले. मानसिंग बघतो तर काय, त्याचं बघून सगळ्या गल्लीनंच एकपासून नंबर घातलेले. सात नंबरचे तांबेच पाच निघाले.

"ह्यो पोचा आलेला आमचा," त्याची बायको रंगुबाई एक तांब्या उचलत म्हणाली.

"पोचा काय, माझ्या बी तांब्याला हाय. त्यो तुझाच कशावरनं?" शेजारच्या धोंडुबाईनं तांब्या धरूनच ठेवला.

रंगुबाईनं तो हिसकावला आणि नवऱ्याकडं वळली. "आवं, कपाळ आणा बघू जरा हिकडं."



एकाहत्तरच्या लढाईतला व्रण त्या पोच्यात चपखल बसला.