टाळ्यांची खूण

यंदा सरकारात भरायची लेव्हीची ज्वारी कमी करून घ्यायची, म्हणून येरमाळ्याच्या अलीकडच्या त्या गावानं तहसीलदारसाहेबांपुढं भाषण ठेवलं. साहेबांना उर्दूच कळायची, अन् ती येणारा गावात एकटा गुंडप्पा वाणी. त्यानं कडब्याच्या गंजीपुढं उभं राहून भाषण घोटून घोटून पाठ केलं. धास्ती एकच, गाव मख्ख बसलं तर सगळं मुसळ केरात.

"पर अण्णा, आमाला उर्दू कुठं कळती?" कस्तुराबाईनं विचारलं.

"कळायचं कामच न्हाय. म्या पटक्याला हात लावला की टाळ्या हाणायच्या. हात खाली येईस्तोवर थांबायचं न्हाय!"

भाषण लई रंगलं. टाळ्याही जिथल्या तिथं पडल्या. साहेब खूश होऊन उठले आणि उर्दूतच म्हणाले, "काय या टाळ्या! इतकं खुशहाल गाव मी पाहिलं नव्हतं. यंदा तुमची लेव्ही दुप्पट! कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला."

गुंडप्पानं दोन्ही हातांनी पटक्यासकट डोकं गच्च धरलं.



हात काही खाली येईनात, अन् टाळ्या काही थांबेनात.