वरचा हुकूम

भोकरच्या विहारात व्हिएतनामच्या एक वयोवृद्ध भिक्खुणी आल्या, तेव्हा समीक्षा आपल्या आईला, पारूबाईला, घेऊन मुद्दाम भेटायला गेली. समीक्षा इतिहासाची प्राध्यापक. युद्धाच्या काळात तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं लोकांना मुठीत कसं ठेवलं, यावर ती प्रबंध लिहीत होती. आणि या भिक्खुणी तेव्हा गावच्या समितीत कारकून होत्या! त्या बोलत, अन् बोधगयेत शिकलेली त्यांची शिष्या ते हिंदीत सांगे.

"घरटी एक पोरगा आघाडीवर जायचा. मेला की त्याचा कागद माझ्याकडं यायचा. वरून हुकूम होता, नवी भरती संपेपर्यंत कागद वाटायचे नाहीत, लोक खचतात. आया वाटेत अडवून विचारायच्या. मी म्हणायचे, खुशाल आहे."

समीक्षानं वहीतून मान वर केली. "मग वाटले कधी?"

"दोन वर्षांनी हुकूम उठला. एका दिवसात एकेचाळीस घरं फिरले. एक कागद तेवढा दिला नाही."

"का?"

"तो माझ्या भावाचा होता. आई पुढं चार वर्षं जगली. विचारायची, तेव्हा सांगायचे, सरकारच्या गुप्त कामावर आहे. ती अभिमानानं गेली."

याला भीती म्हणावं, सवय म्हणावं, की माया? समीक्षानं गोंधळून आईकडं पाहिलं.

पारूबाईनं डोळे पुसत भिक्खुणींचा हात धरला.

"मग बाकीच्या आयांना तरी कामून सांगितलं, माय?"