निहारची सरळ रेघ

“मशीन बंद कर. रेघ उडतेय,” निहार खळ्यातून म्हणाला.

पडवीत त्याच्या बायकोने, मनिषाने, शिलाई मशीनवरचा पाय काढला. बाही अर्धी शिवून झालेली, सुई कापडातच राहिली. शिमगा तोंडावर आला होता. पालखी दारात येईल तेव्हा वाडीतल्या बायकांना नवे ब्लाऊज अंगावर हवे होते, आणि ते सगळे मनिषाच्या पिशवीत नुसते कापून पडले होते. दिवसभर ती काजूच्या कारखान्यात जायची. शिवणाला संध्याकाळच काय ती मिळायची.

रेघ म्हणजे लॅपटॉपवरची. घरापुढच्या खळ्यात चिऱ्याचा चौथरा बांधून निहारने त्यावर दुर्बीण बसवली होती, ताऱ्यांचे फोटो काढायला. तारे सरकतात, म्हणून दुर्बीणही मोटरने त्यांच्यामागे फिरवावी लागते. ती चुकू नये म्हणून तिच्या पाठीवर आणखी एक छोटी दुर्बीण होती आणि तिला छोटा कॅमेरा. त्या कॅमेऱ्याने एका ताऱ्यावर नजर ठेवायची, तारा जरा हलला की मोटरला हुकूम सोडायचा. तारा किती चुकला ते लॅपटॉपवर रेघेने उमटायचं; चूक जितकी कमी तितकी रेघ सरळ. पण निहारची रेघ जन्मल्यापासून करवतीसारखी दातेरी होती, आणि त्याच्या फोटोतले तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट यायचे.

निहार मुंबईच्या कंपनीत मॅनेजर, पण काम घरून, मंडणगडाकडच्या या वाडीत. त्यामुळे हुकूम सोडायला त्याला घरचीच माणसं उरली होती. रेघेसाठी त्याने सगळी सेटिंग फिरवून पाहिली. मोटरला जोरात ढकलून पाहिलं, हळूच ढकलून पाहिलं. रेघ काही ऐकेना. आता एवढं महागाचं यंत्र आणि एवढा हुशार माणूस, दोष या दोघांत असणं शक्यच नव्हतं. मग तो घरादारात शोधणं आलं.

आधी सापडली त्याची आई, गुणवंती. ती खळ्यातून चालली की म्हणे चौथरा हादरतो. बिचारी मागच्या दाराने ये-जा करायला लागली. मग पाण्याचा पंप सापडला. शेजारची हौसाकाकी मसाला कुटायला बसली, तर हा मधल्या दगडी गडग्यावरून तिला कंपनांचं शास्त्र समजावायला गेला. तिने मुसळ खाली ठेवलं नाही, उलट त्याला दोन मिरच्या निवडायला बसवलं, ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. शेवटी बोट आलं ते मनिषाच्या मशीनवर. ते मशीन तिने लग्नाआधी स्वतःच्या कमाईने घेतलं होतं.

आज त्याने निकालच लावायचं ठरवलं. मशीन बंद ठेवून रेघ सरळ आली, तर उद्या ते टेम्पोत घालून तिच्या भावाकडे पाठवायचं, असं त्याने जाहीर केलं. शिवायचं असेल तर तिने तिकडे जाऊन शिवावं. गुणवंती म्हणाली, अरे, सणाच्या तोंडावर असं काय करतोस? निहार म्हणाला, विज्ञानाला सण नसतो.

मशीन गेलं की आपल्या हातात स्वतःचं असं काहीच राहणार नाही, हे मनिषाला पक्कं ठाऊक होतं. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

निहारने कॅमेऱ्याची संवेदनशीलता चढवायची तेवढी चढवली. नजर ठेवायचा तारा आज सॉफ्टवेअरलाच निवडू दिला आणि बटण दाबलं.

रेघ सरळ आली. नुसती सरळ नाही, पट्टीने आखल्यासारखी. एक दात नाही. निहारने आईला बोलावलं, बायकोला बोलावलं, दोघींना लॅपटॉपसमोर उभं केलं आणि भाषण ठोकलं. आपण किती दिवस सांगत होतो, आपलं कोणी ऐकत नव्हतं, घरात जरा शिस्त आली की काय होतं ते बघा. मग स्क्रीनचा फोटो दुर्बीणवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. अशी रेघ जिल्ह्यात कोणी काढून दाखवावी, असंही खाली लिहिलं. लगेच अंगठे यायला लागले.

“बघितलंस?” तो मनिषाला म्हणाला. “मशीन बंद, रेघ सरळ. उद्या सकाळी मी टेम्पोला फोन करतो.”

मनिषाने मान खाली घातली. दव पडायला लागलं होतं. निहारला ग्रुपवरच्या प्रत्येकाचे आभार मानायचे होते, म्हणून त्याने मान वर न करताच छोट्या दुर्बिणीला झाकण लावायला तिला सांगितलं.

तिने झाकण लावलं. लॅपटॉपकडे पाहिलं. झाकण काढलं, पुन्हा लावलं, हाताने दाबलं. पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “झाकण लावलंय. तुमचा तारा अजून दिसतोय.”

निहार उठला. त्याने झाकण चाचपलं. घट्ट बसलेलं होतं. स्क्रीनवर मात्र तारा मजेत चमकत होता. तो तारा नव्हताच. कॅमेऱ्यातलाच एक खराब ठिपका होता, मिट्ट अंधारातही उजळणारा. कॅमेऱ्यालाच चिकटलेला ठिपका हलणार कुठे? सॉफ्टवेअर त्याच्यावर डोळे लावून बसलं होतं, आणि आकाशातले तारे केव्हाचे आपल्या वाटेने निघून गेले होते. फोनवर अंगठे अजून येतच होते.

गुणवंतीला फारसं काही कळलं नाही. पोराचा चेहरा तेवढा तिला कळला. “काय रे, बिघडलं काय?” तिने विचारलं.

मनिषा पडवीत गेली. तिने दिवा लावला, बाही सारखी केली आणि मशीनवर पाय दाबला. मशीन पडवीभर घरघरायला लागलं. लॅपटॉपवरची रेघ जरासुद्धा हलली नाही.