छपरावरचंच कापड

मजबुती तपासायला कापड मशीनवर ताणून फाडण्यात तिची उभी हयात गेली होती. ठेकेदाराच्या गोड बोलण्याला ती थोडीच भुलणार! पोहण्याच्या तलावावरच्या कापडी छपरासाठी त्याने आणलेला प्रत्येक नमुना पहिल्या फटक्यात पास झाला होता. कुठेतरी पाणी मुरतंय खास. छप्पर चढलं, तरी तिचा संशय काही उतरेना.

"आम्हाला दाखवायला एक आणि वर भलतंच, असं चालायचं नाही," तिने खडसावलं. "छपराला जे लावलंय ना, त्याच कापडाचा तुकडा हवा मला."

"तुमच्या शब्दाबाहेर नाही, मॅडम," म्हणत तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी तुकडा घेऊन हजर झाला.

तोही पहिल्यांइतकाच चिवट निघाला. आता तर तिची खात्रीच पटली, की गडी पक्का बनेल आहे. त्याला रंगेहाथ पकडायचंच, म्हणून ती न कळवता तलावावर जाऊन थडकली आणि तिने मान वर केली.



ताणलेल्या पांढऱ्याशुभ्र छपराच्या मधोमध टॉवेलाएवढं चौकोनी आकाश दिसत होतं, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून निघालेली चीर हळूहळू पुढे सरकत होती.