शेवटच्या शेताची पाळी

पांझरेकाठचा पाट खळाळू लागला तसं द्वारकाबाईच्या वासराने त्यात तोंड घातलं. जीभ कोरडीच बाहेर आली. त्याने पुन्हा तोंड घातलं आणि मग मान वर करून हंबरडा फोडला. पर्यटक खो-खो हसले.

पाटातलं पाणी उजेडाचं होतं; झाडांत लपवलेली यंत्रं ते पाडायची, खळखळाटही तीच करायची. शेतांची हिरवळही त्यांचीच. खरं पाणी पाटाखालच्या पाइपातून शहराला जायचं. द्वारकाबाईने पर्यटकांसाठी पगारावर पाणी वाटणारी पाटकरी व्हायचं, कुदळ मारायची, की उजेडाची धार पुढच्या वाफ्यात वळायची.

"मावशी, वासरू आवरा," मॅनेजर म्हणाला. "आणि पाहुण्यांना पाळीचा नियम सांगा."

"पाणी कमी पडलं की पहिली पाळी शेवटच्या शेताची," ती म्हणाली. "वरच्याने तोवर थांबायचं."

"असं का?" एका बाईंनी विचारलं.

"वरच्याचं पोट भरलं की त्याला खालचा दिसत नाही, म्हणून."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी द्वारकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगून झालं. आता करून दाखवते," म्हणत तिने पाटाच्या तळातच कुदळ घातली.

"अहो मावशी, खाली पाइप आहे!"

"ठाऊक आहे! शहराचं पिऊन झालं. आता शेवटच्याची पाळी!"

तिसऱ्या घावाला पाइप फुटला. पाण्याचा लोट उसळला तसे पाहुणे कपडे सांभाळत मागे पळाले. वासरू तेवढं पुढे आलं.